संकेतस्थळाची पत : आवक दुव्यांचे प्रकार आणि शोधयंत्रांतील क्रम

गुळाची ढेप अडत्याच्या दुकानीं उतरली म्हणजे व्यापारी प्रथम तिचा रंग पाहतो, मग कण मोडून पाहतो, आणि शेवटीं विचारतो, "गूळ कोणाचा?" ह्या शेवटल्या प्रश्नाच्या उत्तरावर दराचा पुष्कळ भाग अवलंबून असतो. ज्या गुऱ्हाळाचें नांव चार जाणत्या माणसांच्या तोंडीं आहे त्याच्या ढेपेस दोन पैसे अधिक मिळतात. ज्याचें नांव कोणीच घेत नाहीं त्यास माल चांगला असूनहि वाट पाहावी लागते. छत्रपति शाहू महाराजांनीं इ. स. १८९५ मध्यें कोल्हापुरास शाहूपुरी पेठ वसविली. त्या पेठेंत आरंभापासून गुळाच्या व्यापारास हाच न्याय लागू आहे.

आतां ह्या पेठेच्या जोडीस दुसरी एक पेठ उभी राहिली आहे. ती डोळ्यांस दिसत नाहीं. मुंबईचें, पुण्याचें, किंबहुना दुबईचें गिऱ्हाईक घरीं बसून शोधयंत्रांत "कोल्हापुरी सेंद्रिय गूळ" असे तीन शब्द लिहितें, आणि जीं पहिलीं पांचसात नांवें समोर येतात त्यांतूनच माल मागवितें. दुसरें पान उलटून पाहण्याची तसदी फारच थोडे घेतात. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ ह्या कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या गांवांतील शेतकरी व शेतकरी गट आतां गूळ, काकवी, हळद हा माल अडत्यावांचून विकण्याची खटपट करूं लागले आहेत. त्यांस ह्या अदृश्य पेठेचा कायदा समजून घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. दुसऱ्या प्रांतीचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून खपविला जातो ही आपली जुनी तक्रार. तिला ह्या मानांकनानें कायद्याचें बळ आलें. परंतु क्रम लावतांना शोधयंत्र मानांकनाचा दाखला मागत नाहीं. तें पानावरील मजकूर पाहतें, आणि त्या पानाविषयीं इतरांनीं काय साक्ष दिली आहे तें पाहतें. तेव्हां आपला अस्सल गूळ पांचव्या पानावर पडून राहावा आणि भलत्यानेंच 'कोल्हापुरी' नांवानें पहिली जागा धरावी, असें घडणें मुळींच अशक्य नाहीं. ही साक्ष कोणत्या प्रकारची असते, तींतील कोणती फळते आणि कोणती उलटते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दुवा म्हणजे काय?

संकेतस्थळावरील एखाद्या पानांत कांहीं शब्द अशा रीतीनें गोंवलेले असतात कीं, त्यांवर बोट ठेवतांच वाचक दुसऱ्या पानावर जाऊन पोंचतो. ह्या जोडणीस इंग्रजींत 'लिंक' म्हणतात. आपण तीस दुवा म्हणूं. आपल्या पानावरून दुसऱ्याकडे जाणारा तो जावक दुवा, आणि दुसऱ्याच्या पानावरून आपल्याकडे येणारा तो आवक दुवा, म्हणजेच 'बॅकलिंक'. जावक दुवा आपल्या हातचा असतो. आवक दुवा दुसऱ्याच्या मर्जीचा असतो, आणि म्हणूनच त्यास साक्षीचें मोल आहे. आपल्या मालाची आपणच स्तुति करणें निराळें, आणि शेजारगांवच्या माणसानें "गूळ घ्यावयाचा तर त्यांच्याकडे जा" असें सांगणें निराळें.

ह्या साक्षीचा उपयोग क्रम लावण्याकडे करावा ही कल्पना मूळची ग्रंथालयांतील आहे. कोणत्या शास्त्रीय निबंधाचा उल्लेख पुढें किती निबंधांनीं केला हें नोंदणारी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नांवाची सूची यूजीन गारफील्ड ह्यांनीं अमेरिकेंत १९६४ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनीं तोच न्याय संकेतस्थळांस लावून एक शोधयंत्र रचण्यास आरंभ केला. त्याचें पहिलें नांव 'बॅकरब' असें होतें. १९९८ मध्यें त्यांनीं आपली रीत एका निबंधांत मांडली, व त्याच वर्षीं 'गुगल' कंपनी स्थापन झाली. तोंपर्यंतचीं बहुतेक यंत्रें पानांत कोणता शब्द किती वेळां आला ह्यावर मुख्यतः भिस्त ठेवीत. त्यामुळें 'गूळ' हा शब्द शंभर वेळां लिहिणाऱ्याची सरशी होई. परक्याची साक्ष मोजूं लागल्यावर ही लबाडी पुष्कळ अंशीं निकामी झाली. मात्र तिच्या जागीं दुसरी लबाडी आली, तिचें वर्णन पुढें येईल.

पाटाच्या पाण्याचा हिशेब

ह्या रीतीस लॅरी पेज ह्यांच्या नांवावरून 'पेजरँक' म्हणतात. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास ती समजावयास कठीण नाहीं. प्रत्येक पानास कांहीं वजन असतें. तें त्याच्या जावक दुव्यांतून पाण्यासारखें पुढें वाहतें. चार दांड काढले तर पाणी चार ठिकाणीं वांटलें जातें. हजार दांड काढले तर प्रत्येकाच्या तोंडीं थेंबच येतो. शिवाय वाटेंत कांहीं झिरपतें. मूळ निबंधांत शेंकडा ८५ भाग पुढें जातो असें धरून हिशेब केला आहे.

उदाहरणार्थ, समजा एखाद्या कृषि विद्यापीठाच्या पानाचें वजन १०० आहे व त्यावरून चारच दुवे बाहेर जातात. तर १०० चे ८५ राहिले, त्यांचे चार भाग केले, आणि प्रत्येकाच्या वांट्यास सव्वाएकवीस आले. आतां दुसरें पान घ्या. कोणीहि यावें आणि नांव नोंदवावें अशी ती एक वही आहे. तिचें वजन १० आणि जावक दुवे १,०००. तर दहाचे साडेआठ राहिले, आणि त्यांचा हजारावा भाग, म्हणजे ०.००८५, एकेकास मिळाला. विद्यापीठाच्या एका दुव्याची बरोबरी करावयाची तर असल्या अडीच हजार वह्यांत नांव घालावें लागेल. हे आंकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत. परंतु दुव्यांची नुसती संख्या मोजणें कां व्यर्थ, हें त्यांवरून स्पष्ट होतें.

आजचें यंत्र ह्याहून फार गुंतागुंतीचें आहे. सर्व दांडांस सारखें पाणी मिळतें असेंहि नाहीं. गुगलला २०१० मध्यें मिळालेल्या एका पेटंटांत असें सुचविलें आहे कीं, ज्या दुव्यावर वाचक बोट ठेवण्याचा संभव अधिक, त्याचें वजन अधिक धरावें. लेखाच्या ऐन मजकुरांत आलेला दुवा आणि पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत कोंबलेला दुवा ह्यांत म्हणूनच अंतर पडतें. हें पेजरँकचें माप पूर्वी सर्वांस पाहावयास मिळे. २०१६ पासून तें मिळत नाहीं. 'डोमेन अथॉरिटी' वगैरे नांवांनीं जे अंक आज दाखविले जातात ते खाजगी कंपन्यांचे अदमास होत. गुगल त्यांवर क्रम लावीत नाहीं. असले अंक वाढवून देतों म्हणून पैसे मागणाऱ्याशीं व्यवहार करतांना ही गोष्ट ध्यानांत असावी.

दुव्यांचे प्रकार

पहिला प्रकार, स्वयंस्फूर्त दुवा. एखाद्या वृत्तपत्रानें गुऱ्हाळावर लेख लिहिला, एखाद्या सुगरणीनें पुरणपोळीची कृति देतांना "आम्ही हा गूळ वापरतों" असें सांगितलें, किंवा क्षारपड जमिनीवर लिहिणाऱ्या अभ्यासकानें आपल्या शेतांतील प्रयोगाचा दाखला दिला, आणि तेथें आपल्या पानाचा दुवा घातला, तर तो ह्या प्रकारचा होय. आपण मागितला नाहीं, पैसे दिले नाहींत, आणि देणाऱ्यास त्यापासून कांहीं लाभ नाहीं. अशी साक्ष सर्वांत जड. तींतहि देणाऱ्या पानाची स्वतःची पत व विषयाची जवळीक पाहिली जाते. गुळाविषयीं शेतीच्या पानानें दिलेला दुवा मोटारीच्या पानानें दिलेल्या दुव्याहून अर्थपूर्ण आहे. सरकारी वा विद्यापीठीय नांवाच्या दुव्यास केवळ त्या नांवामुळें जादा वजन मिळतें अशी समजूत पुष्कळांची आहे. ती बरोबर नाहीं. अशा पानांचा उल्लेख पुष्कळ लोक करतात, म्हणून त्यांची पत मोठी असते इतकेंच.

दुसरा प्रकार, नात्याचा दुवा. आपण ज्या सहकारी संस्थेचे सभासद, ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचे भागीदार, ज्या प्रदर्शनांत आपण मांड मांडली, ज्या दुकानास आपण माल देतों, त्यांच्या पानावर आपलें नांव व दुवा असणें स्वाभाविक आहे. तो मागण्यांत कांहींहि गैर नाहीं. आपल्याकडील पुष्कळ शेतकरी हा हक्काचा दुवा मागावयाचाच विसरतात.

तिसरा प्रकार, नोंदवहींतील दुवा. व्यापाऱ्यांचे पत्ते देणारीं मोठीं संकेतस्थळें असतात, त्यांत नांव नोंदवावें. कारण तेथें गिऱ्हाईक येतें, दूरध्वनि करतें. परंतु क्रमाच्या दृष्टीनें त्यांचें बळ थोडें, हें वरील हिशेबावरून दिसून आलेंच आहे. जेथें गिऱ्हाईक कधींच फिरकत नाहीं, केवळ दुवे देण्यासाठींच जी वही काढलेली आहे, तींत नांव घालण्यानें कांहीं लाभ नाहीं.

चौथा प्रकार, स्वतःच पेरलेला दुवा. इतरांच्या लेखाखालीं अभिप्रायाच्या जागेंत आपला पत्ता लिहून ठेवण्याची चाल एके काळीं फार माजली होती. तिला आळा घालण्यासाठीं गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट ह्यांनीं जानेवारी २००५ मध्यें 'नोफॉलो' नांवाची खूण मान्य केली. ती खूण दुव्यावर असली म्हणजे "ह्या दुव्यास माझी साक्ष समजूं नये" असें पानाच्या मालकानें यंत्रास सांगितल्यासारखें होतें. सप्टेंबर २०१९ मध्यें गुगलनें आणखी दोन खुणा काढल्या. वाचकांनीं लिहिलेल्या मजकुरासाठीं 'यूजीसी', आणि पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठीं 'स्पॉन्सर्ड'. तेव्हांपासून ह्या खुणा आज्ञा न समजतां सूचना समजल्या जातात. तरी खुणेच्या दुव्यावर क्रमाची आशा ठेवूं नये. फेसबुकासारख्या समाजमाध्यमांतील दुवे बहुधा ह्याच वर्गांत मोडतात. व्हॉट्सॲपवरील निरोप तर खाजगी. ते शोधयंत्रास दिसतच नाहींत. त्यांनीं गिऱ्हाईक येईल, क्रम चढणार नाहीं. पण एखाद्या गिऱ्हाइकानें तो माल खाऊन आपल्या पानावर त्याविषयीं लिहिलें, तर चौथ्या प्रकारांतून पहिला प्रकार उगवतो.

पांचवा प्रकार, विकतचा दुवा. जाहिरात देणें हा गुन्हा नव्हे. पैसे देऊन दुवा घेतला आणि त्यावर 'स्पॉन्सर्ड' अथवा 'नोफॉलो' ही खूण घातली, तर गुगलची कांहीं हरकत नाहीं. खूण लपवून ती साक्ष म्हणून पुढें करणें हा मात्र नियमभंग आहे. येथें 'पैसे' ह्या शब्दाचा अर्थ विस्तृत आहे. "पांच किलो गूळ फुकट पाठवितों, आपण लेख लिहून दुवा द्या" असा सौदाहि त्यांत येतो. पुष्कळांस हें ठाऊक नसतें, आणि ते सरळ मनानें ह्यांत सांपडतात.

सहावा प्रकार, अदलाबदलीचा दुवा. "तूं माझा दे, मी तुझा देतों." शेजारच्या दोघां शेतकऱ्यांनीं, एकानें गूळ व दुसऱ्यानें हळद विकीत असतां, परस्परांचा उल्लेख करणें हें स्वाभाविक आहे. परंतु शेंदोनशें अनोळखी संकेतस्थळांनीं एकमेकांचीं नांवें छापून घेणें ही साक्षीदारांची टोळी झाली, आणि यंत्र ती ओळखतें.

सातवा प्रकार, दुव्यांचें शेत. ह्यास इंग्रजींतहि 'लिंक फार्म' असेंच म्हणतात. मात्र ह्या शेतांत पीक येत नाहीं. एकाच मालकानें शेंकडों पोकळ संकेतस्थळें काढावयाचीं, त्यांत कसाबसा मजकूर भरावयाचा, आणि जो पैसे देईल त्याच्याकडे सर्वांचे दुवे वळवावयाचे, असा हा धंदा आहे. ह्याचा एक पोटप्रकार आपल्या संस्थांस विशेष घातक आहे. एखाद्या सोसायटीनें वा शाळेनें संकेतस्थळ काढलें, दहा वर्षांत त्यास चांगली साक्ष मिळाली, आणि मग वार्षिक फी न भरल्यामुळें नांवाची मुदत संपली, कीं हे लोक तें नांव विकत घेतात आणि त्याच्या पतीवर जुगाराचीं वा औषधांचीं पानें चालवितात. गुगलनें मार्च २०२४ मध्यें ह्या प्रकारास स्पष्ट बंदी घातली. तरी गेलेलें नांव परत मिळत नाहीं. सातबाऱ्यावरील नांवाइतकीच ह्या नांवाची काळजी घेतली पाहिजे.

दुव्यांतील शब्द

ज्या शब्दांत दुवा गोंवलेला असतो त्यांसहि अर्थ आहे. "येथें दाबा" ह्या शब्दांपासून यंत्रास कांहींच बोध होत नाहीं. "कुरुंदवाडचा रसायनविरहित गूळ" ह्यांपासून होतो. ह्या शब्दांचें बळ किती, हें २००३ मध्यें एका थट्टेनें उघड झालें. पुष्कळ लोकांनीं संगनमत करून "अत्यंत अपयशी" ह्या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांच्या चरित्राच्या पानाचा दुवा गोंवला. आणि ते शब्द त्या पानांत कोठेंहि नसतां शोधयंत्र तेंच पान प्रथम दाखवूं लागलें. जानेवारी २००७ मध्यें गुगलनें आपल्या रीतींत फेरफार करून ही पळवाट बुजविली. आज जर पन्नास ठिकाणचे दुवे अक्षरशः एकाच शब्दांत आले, तर यंत्रास संशय येतो. पन्नास साक्षीदारांनीं एकच वाक्य पाठ म्हटलें तर न्यायाधीशास जो संशय येतो, तोच हा होय.

शिक्षेचे दाखले

फेब्रुवारी २०११ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या वृत्तपत्रानें 'जे. सी. पेनी' ह्या अमेरिकेंतील जुन्या दुकानसंस्थेविषयीं एक लेख प्रसिद्ध केला. कपड्यांपासून अंथरुणांपर्यंत अनेक शब्दांस तिचें पान पहिलें येत असे, आणि त्याच्या मुळाशीं भलभलत्या संकेतस्थळांवर पेरलेले हजारों दुवे होते. गुगलनें कारवाई केली आणि तीं पानें कित्येक क्रमांक खालीं गेलीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें इंग्लंडांतील 'इंटरफ्लोरा' ह्या फुलें पुरविणाऱ्या कंपनीवर असाच प्रसंग आला. वृत्तपत्रांत पैसे देऊन छापविलेल्या लेखांत तिचे खुणेवांचून दुवे होते. तेथील मातृदिन, म्हणजे फुलांच्या धंद्याची दिवाळी, तोंडावर आलेला. आणि कंपनीचें नांव लिहून शोधलें तरी तिचें पान दिसेना. दोन आठवडे पुरे होण्यापूर्वीं ती परत दिसूं लागली, पण धडा जगास मिळाला. गुगलनें स्वतःसहि सोडलें नाहीं. 'क्रोम'च्या जाहिरातीसाठीं घेतलेल्या लेखांत खुणेवांचून दुवा आढळला म्हणून जानेवारी २०१२ मध्यें तिनें आपल्याच त्या पानाचा क्रम निदान साठ दिवस खालीं उतरविला.

२४ एप्रिल २०१२ रोजीं 'पेंग्विन' नांवाचा फेरबदल लागू झाला, व असल्या दुव्यांवर अवलंबून असलेलीं संकेतस्थळें यंत्रच खालीं ढकलूं लागलें. सप्टेंबर २०१६ पासून ही छाननी मुख्य यंत्राचाच भाग झाली आहे, आणि तिचा कल शिक्षा करण्याहून खोटा दुवा हिशेबांतच न धरण्याकडे अधिक आहे. अर्थात आज विकतचे दुवे घेणाऱ्याचें बहुधा काय होतें? पैसे जातात, आणि पदरांत कांहींच पडत नाहीं. ज्यांचें प्रकरण माणसानें तपासून गैर ठरविलें, त्यांचा क्रमहि जातो.

जवळचा एक अनुभव

आमच्या परिचयाच्या एका गुऱ्हाळचालकांस हा अनुभव प्रत्यक्ष आला. त्यांचें संकेतस्थळ लहान पण नीटनेटकें होतें. ऊंस कोणत्या शेतांतला, रस कसा काढला, भेंडीचा रस घालून मळी कशी काढली, ह्याचीं छायाचित्रें त्यांत होतीं. दोन वर्षांत त्यांस पुण्या-मुंबईचीं बरींच गिऱ्हाइकें मिळालीं. मग एका दलालाचें पत्र आलें कीं, कांहीं हजार रुपयांत दहा हजार दुवे देतों, दिवाळीच्या आंत पहिला क्रम मिळेल. त्यांनीं पैसे भरले. आठवडाभर क्रम किंचित् हालल्यासारखा दिसला. पुढें हंगाम ऐन भरांत असतां गुगलकडून सूचना आली कीं, आपल्या संकेतस्थळाकडे अस्वाभाविक दुवे आढळले आहेत. आणि पान पार दिसेनासें झालें. काहीलीवर रस उकळतो आहे, ढेपा भरून ठेवल्या आहेत, आणि मागणी बंद! अखेर त्यांस तो गूळ मिळेल त्या दरानें अडत्याकडेच घालावा लागला.

त्यांनीं पुढें केलें तें मात्र अनुकरणीय आहे. दुवे कोठकोठून आले त्याची यादी त्यांनीं काढली. जेथें पत्ता सांपडला तेथें दुवा काढून टाकण्याविषयीं लिहिलें. जे निघेनात ते 'माझे समजूं नयेत' असें गुगलला कळविलें. ह्यासाठीं ऑक्टोबर २०१२ पासून एक सोय उपलब्ध आहे. मग घडलेली हकीकत न लपवितां लिहून पुनर्विचाराचा अर्ज केला. कांहीं आठवड्यांनीं कारवाई उठली. तथापि पूर्वीचा क्रम लगेच आला नाहीं. खोट्या दुव्यांचें बळ गेलें, खऱ्यांचेंच राहिलें, आणि तेथून पुन्हां चढावें लागलें.

शेतकऱ्यानें काय करावें?

पहिली गोष्ट, दुवा मिळण्याजोगें पान तयार करावें. "आमचा गूळ उत्तम" ह्या वाक्याचा कोणी दाखला देत नाहीं. परंतु २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर बुडालेल्या ऊंसाचें आपण काय केलें, कोणती जात तगली, किती दिवस पाणी राहिलें, हें तारखांसह लिहिलें, तर विद्यार्थी, वार्ताहर व अभ्यासक त्याचा उल्लेख करतील. शिरोळ तालुक्यांतील क्षारपड जमिनीखालीं निचऱ्याच्या नळ्या घालून ती सुधारल्याचा अनुभव ज्यास आहे, त्याच्या चार पानांचें मोल दहा हजार विकतच्या दुव्यांहून अधिक आहे.

दुसरी, हक्काचे दुवे मागावेत. सोसायटी, कारखाना, उत्पादक कंपनी, दुकानदार, ज्या वार्ताहरानें आपल्यावर लिहिलें तो, ह्या सर्वांस एक साधें पत्र पुरतें.

तिसरी, 'गुगल सर्च कन्सोल' ही मोफत सोय घ्यावी. आपल्याकडे कोणाचे दुवे येतात आणि आपल्यावर कांहीं कारवाई आहे काय, हें तींत दिसतें. महिन्यांतून एकदां खातेवही पाहावी तशी ती पाहावी. अनोळखी वाईट दुवे दिसले म्हणून घाबरून जाऊं नये. यंत्र ते बहुधा हिशेबांत धरीतच नाहीं. आपण स्वतः ते विकत घेतले नसतील, आणि कारवाईची सूचना नसेल, तर ते नाकारण्याच्या खटपटींत पडूं नये.

चौथी, आपल्याच पानांपानांत नीट दुवे जोडावेत. गुळाच्या पानावरून काकवीच्या पानावर, तेथून गुऱ्हाळाच्या वर्णनावर. हे दांड आपल्या मालकीचे आहेत. ते कोरडे ठेवणें हा निव्वळ आळस. पानाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणी ठेवावी. नाहींतर वर्षानुवर्षें मिळविलेली साक्ष वाटेंतच जिरते.

पांचवी, नांवाची वार्षिक फी संस्थेच्या अंदाजपत्रकांत दरसाल धरावी, आणि तें नांव संस्थेच्या नांवेंच नोंदलेलें असावें. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वा संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नांवें नसावें.

सहावी, ज्यांचें गिऱ्हाईक जवळचें आहे त्यांनीं गुगलच्या नकाशांत आपली नोंद करावी. नृसिंहवाडीस दत्तदर्शनार्थ येणारा यात्रेकरू पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी कोठें मिळेल हें हल्लीं फोनवरच शोधतो. तेथें अंतर, विषयाचा मेळ आणि ख्याति ह्या तीन गोष्टींवर क्रम लागतो, असें गुगल सांगते. आणि ख्याति ठरवितांना आवक दुवे व गिऱ्हाइकांचे अभिप्राय दोन्ही पाहिले जातात.

एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. दुव्यांचें महत्त्व पूर्वीइतकें राहिलेलें नाहीं. मार्च २०२४ मध्यें गुगलनें आपल्या नियमपत्रकांतील 'दुवे हा एक महत्त्वाचा घटक' ह्या वाक्यांतून 'महत्त्वाचा' हें विशेषण काढून टाकलें. पेजरँक अद्याप वापरांत आहे, परंतु शेंकडों घटकांपैकीं तो एक. मजकूर उपयुक्त नसेल तर साक्षीदार कितीहि आणले तरी फिर्याद टिकत नाहीं.

आपल्या नदीकांठच्या लोकांस ह्या विषयाचें सार वेगळ्या शब्दांत शिकविण्याची गरज नाहीं. पाणी जितकें अधिक तितकें पीक अधिक, असें समजून आपण दोन पिढ्या ऊंसास पाणी सोडलें, आणि काळ्याभोर जमिनीवर मीठ फुटलें. चूक पाण्याची नव्हती. मोजमाप न ठेवतां, निचरा न पाहतां, केवळ अधिकाच्या हव्यासानें तें घेतल्याची होती. दुव्यांचेंहि तसेंच आहे. जाणत्या माणसानें आपण होऊन दिलेले चार दुवे शेत पिकवितात. विकत घेतलेले दहा हजार दुवे तें खारवितात. आणि खारवलेली जमीन सुधारावयास किती वर्षें व किती पैसा लागतो, हें शिरोळ तालुक्यांतील शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको.